दोन पेढ्या, एक खतावणी

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सरकारदरबारी वाटणी झाली, व्यापारात मात्र ती कधी झाली नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत आणि साताऱ्यात किराण्याचं घाऊक दुकान, थोरला भाऊ इकडे आणि धाकटा तिकडे, अशी घरं आजही आहेत. दोन गावांत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पूर्वी संध्याकाळी फोनवर एकमेकांना कीर्द वाचून दाखवायची, मग फ्लॉपी आली, पेन ड्राइव्ह आला, ई-मेल आली. आता धाकट्या भावाला सांगलीतली शिल्लक आणि उधारी साताऱ्यात बसून त्याच क्षणी बघायची असते. गिऱ्हाईक समोर उभं असतं, आणि ‘दादाला विचारून सांगतो’ म्हटलं की ते शेजारच्या दुकानात जातं.

छोट्या व्यापाऱ्यांची संगणकांची जोडणी करून देणं हा माझा धंदा. त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यापुढे येतो. त्याचं एक सोपं आणि घातक उत्तर आहे. दुर्दैवानं तेच जास्त चालतं, म्हणून आधी त्याविषयी बोलतो.

दुकानात इंटरनेट आणणारी ती छोटी पेटी, म्हणजे राउटर, ही एका परीनं वाड्याच्या दारावरची राखणदार असते. आतल्या माणसानं बाहेर काही मागितलं, तर त्याचं उत्तर ती आत घेते. न बोलावता आलेल्याला दारातूनच परत पाठवते. सोपा उपाय असा की या राखणदाराला सांगायचं, ‘अमुक क्रमांकाच्या दाराशी कोणीही आलं तर त्याला थेट हिशेबाच्या संगणकाशी नेऊन सोड.’ याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दहा मिनिटांचं काम. साताऱ्यातून लगेच सांगलीचा पडदा दिसायला लागतो आणि सगळे खूश होतात.

गोम ‘कोणीही’ या शब्दात आहे. ‘आमचं एवढंसं दुकान, आम्हाला जगात कोण शोधत येणार?’ असं व्यापारी मला हसून विचारतात. शोधायला कोणी माणूस येत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतले एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रोग्राम लिहिला. तो एका साध्या सर्व्हरवरून पाऊण तासात जगातल्या या सगळ्या पत्त्यांची एकेक कडी वाजवून येतो. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता, पण अशी साधनं चोरांनाही मिळतात. तेव्हा तुमचं दुकान कुठल्या बोळात आहे याला काही अर्थ उरत नाही. उघडं दार काही तासांत सापडतं आणि मग रात्रभर पासवर्डांचा मारा चालू राहतो.

असं दार उघडं ठेवलेल्या एका अडत दुकानात एका सकाळी संगणकावर फक्त खंडणीची चिठ्ठी होती. बाकी सगळ्या फायली कुलूपबंद. त्या अडत्यानं पैसे दिले नाहीत. शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्या त्यांच्याकडून परत मागून आणल्या आणि त्यांवरून दोन महिन्यांची खतावणी पुन्हा लिहिली. शेतकऱ्यांनी कागद जपून ठेवले होते म्हणून तो वाचला. तरी कोणाचं किती देणं यावरून दोन-चार घरांशी कायमची कटुता आली ती आलीच. अडतीचा धंदा विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास खतावणीत लिहिलेला असतो.

दुसरं उत्तर म्हणजे व्हीपीएन, अर्थात आभासी खासगी नेटवर्क. पूर्वी दोन शाखा जोडायच्या तर टेलिफोन खात्याकडून स्वतंत्र तार भाड्यानं घ्यावी लागे आणि तिचं भाडं अंतरावर ठरे. बँकांना, साखर कारखान्यांना ते परवडायचं. आपल्या भागात गावोगाव एका खतावणीला जोडण्याचा मोठा प्रयोग १९९८ मध्ये वारणेत झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं वारणानगरशी संगणकानं जोडण्याची ती योजना होती. पुढे २००७ च्या सुमारास तिथेच काही गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर काम करून पाहिलं गेलं, कारण गावातले संगणक सांभाळणं महाग पडत होतं. तारेचं भाडं आणि यंत्रांची निगा हेच नेहमी आडवं येतं. व्हीपीएननं निदान भाड्याचा प्रश्न सोडवला. तुमचं नेहमीचं इंटरनेट वापरूनच दोन दुकानं एका खोलीत असल्यासारखी जोडता येतात, आणि अंतराचे पैसे पडत नाहीत.

या जोडणीला ‘टनेल’ म्हणजे बोगदा म्हणतात. सातारकरांना खंबाटकीचा बोगदा रोजचा, त्यामुळे त्यांना वाटतं आपल्यासाठी कुठेतरी वेगळी वाट खणली जाते. तसं काही नसतं. माल चारचौघांच्या रस्त्यावरूनच जातो, फक्त झाकून जातो. मला याला खरसुंडीच्या खिलार बाजाराची उपमा जास्त पटते. जनावराचा सौदा भर बाजारात होतो, भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण दोघांचे हात रुमालाखाली असतात. बोटं दाबून भाव ठरतो. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, आकडा मात्र त्या दोघांनाच कळतो. इंटरनेटवर हे रुमालाचं काम गणित करतं. मात्र रुमालाखाली आलेला हात कोणाचा, हे आधी पक्कं झालं पाहिजे. ते काम किल्ल्या करतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

एक गैरसमज वाटेतच दूर करतो. जाहिरातीत दिसणारं व्हीपीएन वेगळं. तिथे तुम्ही एका परक्या कंपनीच्या दारातून इंटरनेटवर जाता, म्हणजे तुमचं ठिकाण लपतं. २८ एप्रिल २०२२ ला केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा ‘व्हीपीएनवर बंदी आली’ अशी आवई उठली होती. बंदी नव्हती, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाही हेही लगेच स्पष्ट करण्यात आलं. आपल्या दोन पेढ्या आपणच जोडण्यात मधे कोणी तिसरा नसतो.

आता प्रत्यक्ष काम. लोकांना वाटतं कठीण भाग गणिताचा असेल. बहुतेकांचा पहिला दिवस जातो तो पत्त्यांच्या घोळात.

दुकानातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक खासगी क्रमांक देतो. जगभरच्या घरांनी आणि कचेऱ्यांनी आतल्या आत वापरावेत म्हणून असे काही क्रमांक १९९६ मध्ये राखून ठेवले गेले. १९२.१६८ नं सुरू होणारे त्यातलेच. ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ हा पत्ता जसा प्रत्येक गावात असतो, तसेच हे क्रमांक घरोघर असतात. गावात त्यावर काम भागतं, दोन गावं जोडली की अडतं. बाजारातले बहुतेक राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर सेट होऊनच येतात. म्हणजे सांगलीचा हिशेबाचा संगणक १९२.१६८.१.१० आणि साताऱ्याचा प्रिंटरही १९२.१६८.१.१०. साताऱ्यातून सांगलीला हाक मारली की साताऱ्याचाच प्रिंटर ‘ओ’ देतो. निरोप दुकानाबाहेर पडतच नाही.

म्हणून आधी गावांची नावं वेगळी करा. सांगलीला १९२.१६८.१०, साताऱ्याला १९२.१६८.२०. शून्य आणि एक दोन्हीकडे टाळा, कारण उद्या मुनीमजी घरून काम करणार आणि त्यांच्या घरचा राउटर नेमका तोच निघणार. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे, पण कॅमेऱ्यांची पेटी, बिलाचा प्रिंटर, हजेरीचं यंत्र, ज्यांना क्रमांक हातानं दिलेले असतात ती सगळी एकेक करून बदलावी लागतात. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशीच हे करावं. सौद्याच्या दिवशी प्रिंटर रुसला तर कोणी तुमची उपमा ऐकून घेत नाही.

दुसरी अडचण बाहेरच्या पत्त्याची. दोन टोकांपैकी निदान एकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता हवा, म्हणजे दुसऱ्याला त्याला शोधता येईल. पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांमागे एकच पत्ता लावतात. मोठ्या वाड्यात बिऱ्हाडं अनेक आणि रस्त्याकडचा दरवाजा एक, तसं. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला तुमच्या बिऱ्हाडाचं दार सापडत नाही. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा क्रमांक बघा. तो १०० नं सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही वाड्यातलं बिऱ्हाड आहात. मग एका ठिकाणी महिन्याला थोडे जादा पैसे भरून स्थिर पत्ता मागून घ्यावा. एकाच ठिकाणी पुरतो. सांगलीनं दारात उभं राहायचं आणि साताऱ्यानं हाक मारायची. दोन्हीकडे घेण्याचा आग्रह कोणी धरला तर का ते विचारा.

तिसरा प्रश्न, कुठली पद्धत वापरायची? राउटरच्या यादीत चार-पाच नावं दिसतात. त्यातलं पीपीटीपी हे सगळ्यात सोपं दिसेल. ते वापरू नका. नव्वदच्या दशकातलं ते साधन, आणि त्याची पासवर्ड तपासण्याची रीत एका दिवसात फोडता येते हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. अ‍ॅपलनं २०१६ मध्ये आयफोनमधून ते काढूनच टाकलं. तरी स्वस्त राउटरांच्या यादीत ते अजून बसलेलं असतं आणि घाईतला माणूस त्यावरच बोट ठेवतो. आयपीसेक भक्कम आहे, पण दोन्ही टोकांना डझनभर गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात, आणि एक जरी चुकली तरी राउटर धड कारण सांगत नाही. ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं. जेम्स योनान यांनी मध्य आशियातल्या प्रवासात परक्या देशांतल्या तारांवर विश्वास ठेवावा लागतो या काळजीतून ते लिहिलं.

माझी स्वतःची पसंती वायरगार्डला. जेसन डोनेनफेल्ड यांचं हे काम मार्च २०२० मध्ये, देशात टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात, लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालं. त्यात प्रत्येक राउटर दोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. एक गुप्त, ती त्या राउटरबाहेर कधीच जात नाही. दुसरी उघड, ती समोरच्याला द्यायची. सांगलीत साताऱ्याची उघड किल्ली लिहायची, साताऱ्यात सांगलीची, आणि त्या किल्लीमागे कोणते क्रमांक आहेत ते सांगायचं. मला त्याचा सगळ्यात आवडणारा गुण असा की अनोळखी माणसानं दार वाजवलं तर ते ‘कोण आहे?’ असंही विचारत नाही, गप्प राहतं. पाऊण तासात जगभर कड्या वाजवणाऱ्याला तिथे घर आहे हेच कळत नाही.

सगळं जुळलं तरी दोन चमत्कारिक बिघाड हमखास भेटतात. पहिला विजेचा. बऱ्याच राउटरांच्या घड्याळाला बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ते १ जानेवारी १९७० पासून जगायला लागतात. प्रमाणपत्रावर चालणाऱ्या व्हीपीएनला वाटतं की हे प्रमाणपत्र तर अजून जन्मालाच आलेलं नाही. वायरगार्डही जुन्या वेळेचा शिक्का मारलेली हाक नाकारतं, चोरानं जुनीच हाक पुन्हा मारली असेल या संशयानं. राउटरला इंटरनेटवरून वेळ लावून घ्यायची सोय चालू असली की हे मिटतं. एक छोटा यूपीएसही ठेवावा.

दुसरा बिघाड असा की जोडणी दिसते, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. इंटरनेटवर माल साधारण १५०० बाइटांच्या पोत्यांतून जातो. व्हीपीएन प्रत्येक पोत्यावर आणखी एक गोणपाट शिवतं, त्यामुळे भरलेलं पोतं वाटेतल्या खिडकीतून जात नाही आणि निमूट टाकून दिलं जातं. पोतं थोडं कमी भरायला सांगायचं. वायरगार्ड साधारण १४२० पासून सुरुवात करतं, कधी त्याहून कमी करावं लागतं. राउटरमध्ये ‘एमटीयू’ नावाचा रकाना असतो तो यासाठी.

वेगाबद्दलही व्यापाऱ्यांची निराशा होते, कारण दोन्हीकडे दोन कंपन्यांचं इंटरनेट असलं तर सांगलीचा निरोप साताऱ्याला अनेकदा मुंबईला वळसा घालून पोहोचतो. हिशेबाच्या प्रोग्रामची फाइल साताऱ्याहून थेट उघडली तर एकेका नोंदीसाठी शेकडो फेऱ्या होतात, आणि मधेच जोडणी तुटली तर फाइल खराब व्हायची भीती. त्यापेक्षा व्हीपीएनमधून सांगलीच्या संगणकाचा पडदा साताऱ्यात आणावा आणि काम सांगलीतच होऊ द्यावं. म्हणजे सुरुवातीच्या घातक उपायात जे केलं तेच, पण रुमालाखाली. आणि पोर्ट फॉरवर्डिंगचं जुनं दार त्याच दिवशी बंद करावं. लोक नवं दार बसवतात आणि जुनं उघडंच ठेवतात.

आता किल्ल्या. राउटरच्या खर्चाबद्दल तासभर घासाघीस करणारा मालक किल्ल्यांबद्दल एक प्रश्न विचारत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तिजोरीची किल्ली कंबरेला आणि राउटरचा पासवर्ड मात्र बसवून देणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये! तो पासवर्ड मालकाकडे हवा, बंद पाकिटात का होईना. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला वेगळी किल्ली द्यावी, पाच जणांत एक नको. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याची किल्ली काढावी. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनियल कंपनीची वाहिनी जवळपास आठवडाभर बंद पडली. चोर आत शिरले होते ते व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून. ते वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि पासवर्डशिवाय दुसरी कसली तपासणी नव्हती. कंपनीनं सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

राउटरही मधूनमधून अद्ययावत करावा लागतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या विषाणूनं ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पछाडली होती. त्यात बहुसंख्य घरांतले आणि छोट्या कचेऱ्यांतले राउटर होते. नाव व्हीपीएनचं असलं तरी दोष व्हीपीएनचा नव्हता, राउटरचा होता.

आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. दोन दुकानं जोडली की रोगही जोडला जातो. साताऱ्यातल्या पोरानं कुठली तरी फाइल उघडली तर ती लागण बोगद्यातून सांगलीला पोहोचू शकते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय असंच एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारत दीडशे देशांत पसरलं. म्हणून राउटरमध्ये नियम घालावा की साताऱ्याहून सांगलीच्या फक्त हिशेबाच्या संगणकापर्यंतच जाता येईल, आणि तेही पडदा बघण्यापुरतं. बाकी सगळं बंद.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेतली दुकानं पाण्याखाली होती, आणि त्यांतले संगणकही. तेव्हापासून मी प्रत्येक सांगलीकराला सांगतो की रात्री दुकान बंद झाल्यावर खतावणीची प्रत या जोडणीवरून साताऱ्याला जाऊ द्या. फक्त ती सांगलीनं ढकलायची नाही, साताऱ्यानं ओढून घ्यायची, आणि त्यापुरतीच वाट नियमात मोकळी ठेवायची. सांगलीच्या संगणकाला साताऱ्यातल्या जुन्या प्रती पुसण्याचा अधिकारच नको, म्हणजे सांगलीत खंडणीवाला शिरला तरी त्याचा हात तिथवर पोहोचत नाही. निदान तीस दिवसांच्या प्रती वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण लागण झाल्याचं कळायलाच कधीकधी आठवडा जातो.

काम झालं असं जोडणारा म्हणाला की त्याला थांबवून घ्या. दोन्हीकडचा मेन स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि कोणीही हात न लावता जोडणी आपोआप उभी राहते का बघा. मग तुमच्या मोबाइलचं वाय-फाय बंद करून सिमच्या इंटरनेटवरून तुमच्याच स्थिर पत्त्यावर जाऊन बघा. राउटरचं पान उघडता कामा नये. ते उघडलं, तर बिल द्यायला अजून वेळ आहे.